झ कधी शून्य होत नाही

आमच्या अंगणातली वाळवणाची दोरी सैल आहे. नवीन माणूस आलं की त्याचं पहिलं बोट तिकडं जातं. आजी, दोरी लोंबतीय की, ताणून बांधा. मी म्हणते, लोंबू दे. ती कांबळेबाईंची दोरी आहे.

बाई पहिल्यांदा आमच्या दारात आल्या त्याच दिवशी माझी दोरी तुटली होती. पावसाळ्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असा आमच्याकडं रिवाज. ओली गोधडी म्हणजे काय वजन असतं ते ज्या बाईनं पिळलीय तिलाच ठाऊक. मी तिसरी गोधडी टाकली, दोरी तडकली आणि तिन्ही गोधड्या मातीत. मी नवा दोर आणला, एक पाय खांबाला लावला आणि दात-ओठ खाऊन ताणायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मावशी, जरा सैल सोडा."

बघते तर ठेंगणी बाई, हातात बॅग, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. माध्यमिक शाळेत विज्ञानाला नवीन बाई येणार, त्यांना खोली हवीय, एवढं मला कुणीतरी सांगितलं होतं. त्या ह्याच. पण पाणी नाही, खोली बघणं नाही, आधी माझ्या दोरीत तोंड.

मी म्हणाले, "सैल सोडली तर गोधडी भुईला टेकंल की."

"मग खुंटी वर मारा."

मला रागच आला. पण खुंटी वर मारली, दोरी सोडली सैल, आणि बघा, तीच ओली गोधडी, तोच दोर, काही झालं नाही. बाई म्हणाल्या, गोधडी सरळ खाली ओढते. दोरी मात्र ओढते आपल्या अंगाच्या दिशेनं. ती आडवी ताणलेली असली तर तिचं सगळं बळ दोन खांबांना एकमेकांकडं ओढण्यात जातं, गोधडी वर धरायला तिच्याकडं फार थोडं उरतं. तेवढ्या थोड्यात धरायचं म्हणजे तिला जिवाच्या पलीकडं ओढावं लागतं. मग ती तुटते. मी म्हणाले, अगदी आमच्यासारखंच की हो. बाई हसल्या, आणि खोली न बघताच राहायला आल्या.

आमचं गाव गुंजवण्याच्या धरणाच्या खालच्या अंगाला, राजगडाच्या सावलीत. बाई भोरच्या. शनिवारी शाळा सुटली की नसरापूरला गाडी बदलून भोरला घरी जायच्या, सोमवारी पहिल्या एसटीनं परत. त्यांचे वडील भोरच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करायचे. लहानपणी त्यांच्याजवळ बसून छत्रीच्या काड्या बघायच्या, कुठली काडी कुणाला ढकलते, कुठली कुणाला ओढते. माझं सगळं भौतिक एका छत्रीत आहे मावशी, असं त्या म्हणायच्या. त्यापुढचं त्यांचं चरित्र मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला दोघींना बोलायला इतर पुष्कळ होतं.

अंबाड्यात खडू खोचायची त्यांची सवय. दुपारपर्यंत केसात एवढी पांढरी पूड, की पोरी म्हणायच्या, बाई सकाळी तरण्या असतात आणि संध्याकाळी म्हाताऱ्या होतात. चहा कधी गरम प्यायल्या नाहीत. कप हातात घ्यायचा, समोर कुणी गणित घातलं की कप कट्ट्यावर, आणि मग साय धरलेला गार चहा एका घोटात. जगातल्या सगळ्या जोराचा हिशोब करणारी ही बाई म्हशीला मात्र भ्यायची. दावणीला बांधलेल्या म्हशीपासूनही दोन हात लांबून जायची. मी म्हणायचे, बाई, ती काय करणार तुम्हाला? तर म्हणायच्या, तिचं वस्तुमान बघा आणि माझं बघा, अन् ती कुठल्या दिशेनं निघेल ते तिलाच माहीत नाही.

एसटीतसुद्धा गप्प नसायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर नसरापूरला चालले होते. वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, सगळी माणसं पुढं कोसळली आणि जो तो ड्रायव्हरला बोलायला लागला, ढकलतो काय रे. बाई उठून म्हणाल्या, त्यांनी कुणाला ढकललेलं नाही. त्यांनी फक्त गाडी थांबवली. आपण चाललो होतो तसेच चालत राहिलो, आपल्याला कुणी थांबवलंच नाही. गाडीत कुणाला पटलं की नाही देव जाणे, पण ड्रायव्हर त्या दिवसापासून बाईंसाठी आमच्या फाट्यावर थोडी जास्त वेळ गाडी धरायचा.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर आमच्या ओसरीवर पोरींचा वर्ग भरायचा. बाईंनी आधी मला विचारलं, भिंतीवर लिहू का? मी म्हणाले, लिहा, दिवाळीला सारवायचीच आहे. मी तांदूळ निवडत एका बाजूला. मी काही शाळेची पायरी चढलेली नाही. नातवंडांच्या पुस्तकांवर बोट ठेवत ठेवत वाचायला शिकले, म्हणून अक्षराची मला भूक. बाईंच्या गणितात अक्षरंच अक्षरं, तेव्हा मला ते गणित वाटायचंच नाही.

त्यांचा एक पाठ होता, तो पोरींना झोपेत विचारला तरी यायचा. आधी चित्र, मग बाण, मग अक्षरं. आकडा हा पाहुणा आहे, तो सगळं रांधून झाल्यावर जेवायला येतो. कुणी घाईनं आकडे घालायला लागली की बाई विचारायच्या, अगं, चूल पेटली नाही आणि पाहुणा पाटावर? पोरी खिदळायच्या, पुसायच्या, पुन्हा चित्रापासून सुरू. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असायची, ती परीक्षेला. ओसरीवर आपली. जोराला ज, ताणाला त, ओझ्याला ओ. आणि किलो की न्यूटन म्हणून कुणी अडलीच तर ठरलेलं उत्तर, वर्गात न्यूटन, ओढ्यावर किलो.

आता त्या ओढ्याचंच सांगते.

गावापासून ओढा ओलांडला की वाडी. वाडीत घर तिथं म्हैस. सकाळी बाया दुधाचे कॅन घेऊन साकवावरून अलीकडं यायच्या, डेअरीचा टेम्पो फाट्यावर उभा असायचा. त्या आषाढात साकव वाहून गेला. वरच्या अंगानं, धरणाकडून एक वाट आहे, पण ती लांबची, निसरडी. त्या वाटेनं दूध येईपर्यंत टेम्पो निघून जायचा. दूध काही म्हशीला परत प्यायला सांगता येत नाही. नवा साकव मंजूर आहे असं सगळे म्हणायचे, आणि आमच्याकडं मंजूर झालेली गोष्ट म्हणजे काय ते मी सांगायला नको.

वाडीतल्या पोरीपण त्याच लांबच्या वाटेनं घोळक्यानं शाळेत यायच्या. वर्ग करून परत निघाल्या की वाडीत पोचेपर्यंत अंधारून यायचं. वाडीत सगळ्यात वडीलधारे ज्ञानूनाना. त्यांची नात सुमन दहावीला, आमच्या वर्गातली. नववीत गणितात कशीबशी वर ढकललेली, पण बाईंच्या भिंतीवर तिचं डोकं उघडलं होतं. भोरला जाऊन सायन्सला बसायचं तिनं मनात धरलं होतं, आणि तिला ओसरीशिवाय दुसरी शिकवणी नव्हती.

नाना एका संध्याकाळी आले. वाईट माणूस नव्हे. काठी टेकून बसले, माझ्या हातचं पाणी प्यायले आणि बाईंना म्हणाले, "बाई, तुमचा राग न्हाई. पण पोरी लई उशिरा येत्यात. उद्यापास्नं शाळा सुटली की थेट घरी."

सुमन भिंतीशी उभी होती. हातातला खडू तिनं मुठीत दाबला, तो मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाई म्हणाल्या, पाऊस सरेपर्यंत थांबा, नाहीतर मीच पोरींना पोचवायला येते. नाना म्हणाले, पाऊस सरला तरी ह्याचा उपयोग काय, ते सांगा. "ह्या अक्षरांनी भात शिजतो का दूध पलीकडं जातं?"

आता दुधाचं नाव निघालं ते असं, की वाडीनं ओढ्यावर तार टाकायचं ठरवलं होतं. ह्या काठाला खांब, त्या काठाला खांब, मधे तार, तारेवर कप्पी, कप्पीला कॅन, आणि ओढायला दोन्ही बाजूंनी दोर. बेत चांगला होता. पण पहिली तार त्यांनी ट्रॅक्टर लावून अशी ताणली, की बोटानं छेडली तर एकतारीसारखी वाजावी. त्याचंच सगळ्यांना कौतुक. कॅन मधे गेला आणि तार तुटली. मग जाड तार आणली आणि ती पहिलीपेक्षा जास्त ताणली. ह्या खेपेला तार तुटली नाही, खांबच मुळासकट उपटून आला. ओढा क्षणभर पांढरा झाला. बाया काठावर उभ्या राहून बघत होत्या. आता आणखी जाड तार आणि सिमेंटचा खांब, असं चाललं होतं.

बाईंनी गार चहा एका घोटात संपवला आणि म्हणाल्या, नाना, दूध पलीकडं गेलं तर?

नाना म्हणाले, "गेलं तर वर्ग चालू द्या. न्हाई गेलं तर पोरी घरी."

ठरलं. बाईंनी मान हलवली, आणि नाना गेल्यावर सुमनला म्हणाल्या, हे गणित मी नाही, तू मांडायचंस.

माझ्या भिंतीवर ते कसं उतरलं ते मला अजून दिसतंय. आधी चित्र. दोन टोकं, मधे लोंबणारी तार, खाली कॅन. मग बाण. एक खाली, ओझ्याचा. दोन तारेच्या अंगानं वर, दोन्हीकडं एकसारखे. मग अक्षरं. तार जितकी खाली लोंबते त्या झोळाला झ. टोकापासून मधल्या कॅनपर्यंतच्या तारेला ल. सुमननं दोनदा चिन्ह चुकवलं, दोनदा आपणच पुसलं. तिसऱ्यांदा भिंतीवर आलं: दोन गुणिले त गुणिले झ, बरोबर ओ गुणिले ल. सुमननं दोन आणि झ उचलून पलीकडं खाली नेले. आता त एकटा उभा राहिला. बाईंनी विचारलं, त कमी करायचा तर काय वाढवशील? पोरगी म्हणाली, झ. आणि तिथंच थांबली, कारण तिच्या लक्षात आलं की अख्खी वाडी उलटं करत होती.

त्यानंतर पाहुणा जेवायला आला. भरलेला कॅन पंचेचाळीस किलो, तारेची अर्धी लांबी तीस फूट. एक फूट झोळ ठेवला तर ताण पावणेसातशे किलो. पाच फूट ठेवला तर एकशे पस्तीस.

मग रविवार आला. बाई त्या शनिवारी भोरला गेल्याच नव्हत्या. ओढ्यावर सगळा गाव आणि सगळी वाडी. वाडीची माणसं लांबच्या वाटेनं अलीकडं आली होती. सुमननं आकडे सांगितले तर पुरुषमाणसं हसायला लागली. नाना म्हणाले, "पंचेचाळीस किलोच्या कॅनला पावणेसातशे किलो कुठनं आलं गं? लोक दुधात पाणी घालत्यात, तू ताणात घालतीस व्हय?"

हशा झाला. सुमनचा चेहरा उतरला. तिनं बाईंकडं बघितलं. बाईंनी अंबाड्यातला खडू काढला, पुसला, परत खोचला. मग पोरीनं इकडंतिकडं बघितलं आणि माझ्याकडं आली. "आजी, तुमचा वरवंटा द्या."

मी नातवाला घरी पिटाळला. वरवंटा आला. सुमननं जाड नाडा घेतला, मधोमध वरवंटा बांधला आणि एक टोक थोरल्या काकाच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. दोघंही सुमनच्या बापाचे भाऊ, नानांचे तालमीत वाढलेले ल्योक, एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा.

"काका, नाडा सरळ करा. वरवंटा लोंबला न्हाई पायजे."

दोघांनी हसत ओढला. वरवंटा वर आला, पण नाडा मधे वाकलेलाच. मग हसणं थांबलं. पाय रोवले, मागं कलले, तोंडं लाल झाली, मानेच्या शिरा दिसायला लागल्या. नाडा सरळ होता होता दोन बोटं राहायचा आणि तिथंच अडायचा. मिरची वाटायचा साधा दगड, पण दोन पैलवानांचं ऐकेना. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. धाकटा म्हणाला, "नाना, ह्याला काय करावं, ह्यो सरळ व्हतच न्हाई."

सुमन म्हणाली, "व्हायचाच न्हाई. झ शून्य करायला गेलं की त ला शेवटच न्हाई. दोघं न्हाई, सगळी वाडी लावा. वजन अडकवलेला दोर कुणाला सरळ करता यायचा न्हाई. तुमी जी ताकद लावली ती दूध धरायला न्हाई, खांब उपटायला लावली."

दोघा भावांनी वरवंटा खाली टेकवला.

नाना काठीवर हनुवटी टेकून त्या वरवंट्याकडं बघत राहिले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, आणि तो विचारला म्हणून मी त्यांना मानते. पाच फूट लोंबली तर कॅन पुरात बुडंल, त्याचं काय?

माझ्या ओठावर उत्तर आलं होतं. पण सुमन आधी बोलली. "मग खुंटी वर मारा."

अलीकडच्या काठाला मोठा उंबर आहे. खांब नकोच, उंबराच्या बेचक्यात तार, खाली पोत्याची गादी, म्हणजे झाडाला कापणार नाही. पलीकडचा काठ मुळात उंच, तिथं दगडात पहार ठोकून बांधायची. गवंड्यानं पाण्याची नळी आणली, एक टोक इकडं, एक टोक तिकडं, दोन्ही बाजूंची पातळी एक केली. दुपार त्यातच गेली. तार चढली ती अशी लोंबती, की एक म्हातारा म्हणाला, ही तर माझ्या धोतराच्या गाठीपेक्षा ढिली.

बाईंनी हट्ट धरला, आधी पाणी भरून न्यायचं. पाण्यानं भरलेला कॅन गेला, आला, पुन्हा गेला. उंबर हलला नाही, पहार हलली नाही. उतारावर कॅन आपल्या पायानं मधोमध पळायचा आणि पुढचा चढ पलीकडची माणसं दोरानं ओढायची. नानांनी जाऊन तारेला हात लावला. छेडून बघितली. वाजली नाही.

सोमवारी सकाळी दूध. सगळ्यात पहिला कॅन नानांच्या घरचा, सुमनच्या आईनं भरलेला. खाली ओढा दोन्ही काठ धरून चाललेला, लाल पाणी. कॅन मधे आला, खाली वाकला, पाण्याच्या वर हातभर राहिला आणि चढायला लागला. अलीकडं थोरल्यानं तो कप्पीवरून उतरवला, झाकण काढलं आणि आत बघितलं. साय हलली नव्हती, असं तो पुढं सांगायचा. ते काही खरं नसणार, पण मी ते कधी खोडलं नाही. फाट्यावर टेम्पोवाल्यानं जो हॉर्न धरला तो सोडेचना. पलीकडच्या काठावर बाया हात वर करून उभ्या, अलीकडं पोरी नाचतायत, आणि मधे आमच्या बाई, चष्मा डोळ्यांवर, गाल ओले, ओरडून सांगतायत की पुढचा कॅन जास्त भरू नका, ओ वाढतो.

संध्याकाळी नाना ओसरीवर आले. बरोबर सुमन, आणि धाकट्याच्या दोन पोरी. म्हणाले, ह्यांनापण बसवा. पोरींना न्यायला ल्योक रोज कंदील घेऊन येतील. मग जरा घुटमळले आणि मला हळूच विचारलं, "वैनी, त्यो झ कुठं लिवलाय, दावा बरं." मी बोट केलं. नाना कितीतरी वेळ भिंतीसमोर उभे. त्या दिवाळीला मी सगळं घर सारवलं, तेवढी भिंत सोडली.

पुढं सुमन भोरला सायन्सला गेली. साकव झाला. तार मात्र कुणी काढली नाही. आता तिच्यावरून पेंढ्याचे भारे जातात, कधी कुणाची विसरलेली छत्री जाते.

बाई निवृत्त होऊन निघाल्या तो दिवस भातकापणीनंतरचा. एसटी ओढ्याजवळ आली आणि नानांच्या म्हशी आडव्या आल्या. गाडी थांबली. बाई खिडकीशी, म्हशी अगदी खिडकीखाली, पण त्या दिवशी बाई बिचकल्या नाहीत. त्या वर उंबराकडं बघत होत्या. सुमन त्यांना निरोप द्यायला मुद्दाम भोरहून आली होती, ती तारेखाली उभी. नाना तिच्या शेजारी, मी रस्त्याच्या कडेला.

म्हशी हटल्या, गाडी हलली. बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. मला वाटलं, निरोपाचा हात हलवतील. पण त्यांनी दुसराही हात काढला, दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकवली आणि मनगटं वर ठेवून बोटं खाली सोडली. झोळ. सुमननं तिकडून तसेच हात केले. आणि आमच्या नानांनी, ज्यांना आयुष्यात अक्षर आलं नाही, त्यांनी काठी उचलली आणि खुंटीसारखी होता होईल तेवढी उंच धरली.

गाडी वळणाआड गेली तेव्हा खिडकीतले ते हात तसेच होते, मधे छान सैल.